काउंटरमागचं स्टूल

पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा दादरला साड्यांच्या एखाद्या मोठ्या दुकानात जा. गिऱ्हाइकासाठी मऊ गादीची, सोनेरी पायांची छान गोल स्टुलं मांडलेली असतात. आपण त्यावर ऐसपैस बसतो आणि एकामागून एक साड्या उलगडायला लावतो. उलगडणारी मुलगी मात्र सकाळी दुकान उघडल्यापासून उभी असते. तिच्या बाजूला स्टूल असलंच, तर ते वरच्या फळीवरचे खोके काढायला. चढायचं, बसायचं नाही.

आपल्याकडे स्टूल गेल्या काही वर्षांत देखणं झालं, यात शंका नाही. सागवान, वेत, पावडर कोटिंगचं लोखंड. कॅफेत जा, सलूनमध्ये जा, नजर ठरते. पण ही सारी कल्पकता पैसे देणाऱ्याच्या बुडाखाली खर्च होते. पैसे मिळवून देणारी उभीच.

मालकांचं म्हणणं असं, की बसलेला माणूस आळशी दिसतो. गल्ल्यावरचा मालक दिवसभर बसलेला असतो. त्याला कोण आळशी म्हणतं? बँकेतला कॅशियर बसून नोटा मोजतो, डॉक्टर बसून नाडी बघतात. आणि आपल्या जुन्या पेठांतली कापडाची दुकानं तर गादी-तक्क्याचीच होती. पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसलेला माणूस समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला लुगडी दाखवायचा आणि धंदा उत्तम चालायचा. काचेचे काउंटर आले, तेव्हा गिऱ्हाइकाला स्टूल मिळालं आणि विकणाऱ्याची बैठक गेली.

एकाच जागी तासन् तास उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत. चालताना हेच स्नायू रक्त वर ढकलतात. ते थांबले की रक्त पायांत साचतं. पाय सुजतात आणि अशी वर्षं गेली की शिरा फुगण्याचा धोका वाढतो. शिवाय कंबर. यावरचा उपाय म्हणजे अधूनमधून बसता येणं आणि पुन्हा उठता येणं. एवढंच.

केरळने हे २०१८ मध्ये कायद्यात लिहिलं. दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय आणि बसायची संधी द्यायची, असं मालकावर बंधन आलं. ते कुणाच्या दयेने आलं नाही. कोळिकोडमध्ये शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी मिठाई तेरुवातल्या दुकानांत राबणाऱ्या बायकांना ‘पेणकूट्ट’ या संघटनेत एकत्र आणलं. आधी लढा होता तो कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह मिळावं म्हणून. मग बसण्याच्या हक्कासाठी. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. ब्रिटनने दुकानांतल्या दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे एक आसन सक्तीचं केलं होतं, ते १८९९ साली! आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही, उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं, ही तरतूद होती. कारखान्यातल्या पायांना जे कळा देतं, ते दुकानातल्या पायांना देत नाही का?

आता स्टुलाकडे वळू, कारण कायदा झाला तरी मालक कोपऱ्यात एक प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ठेवून मोकळा होईल. त्यावर बसलं की काउंटर छातीशी येतो. काम थांबवल्याशिवाय बसता येत नाही. काउंटर ९० सेंटिमीटर उंच असेल तर बैठक ६५ च्या आसपास हवी. आणि एवढ्या उंचीला पाय टेकायला दांडी हवीच. ती नसेल तर पाय लोंबकळतात, मांडीखाली काठ रुततो आणि माणूस दहा मिनिटांत उठतो. आपल्याकडच्या बाईचं गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं अंतर साधारण ४० सेंटिमीटर. दांडी बैठकीच्या तेवढीच खाली असावी. उंच देहांच्या मापावर बेतलेली परदेशी ड्रॉइंगं जशीच्या तशी उतरवणाऱ्यांनी एकदा टेप घेऊन आपल्या घरातल्या बायकांची मापं घ्यावीत.

स्टुलाचा विचार किती खोल असू शकतो, हे फिनलंडच्या आल्वार आल्तो या वास्तुकाराने १९३३ मध्ये दाखवलं. त्याच्या ‘स्टूल ६०’ला तीनच पाय, त्यामुळे उंचसखल फरशीवरही ते डगमगत नाही. बर्च लाकडाच्या पायाला वरच्या टोकाशी उभ्या चिरा पाडायच्या, त्यांत सरस लावून पातळ पापुद्रे सरकवायचे आणि ते टोक काटकोनात वाकवायचं. मग पाय थेट बैठकीला स्क्रूने बसतो, मध्ये सांध्याचा पसारा नाही. वापर झाला की स्टुलं एकावर एक रचून ठेवता येतात. काउंटरमागची बोळ दोन हातांची असते, तिथे हा गुण मोलाचा. मात्र त्याची नुसती नक्कल नको. ते जेमतेम ४४ सेंटिमीटर उंच आहे, टेबलाजवळ बसायला बरोबर. उंच स्टुलाला चार फाकलेले पाय हवेत. काउंटरवर वाकून साडीची घडी ओढणारी मुलगी तीन पायांवरून कलंडेल.

हे दुकानातच घडतं असं नाही. नव्या फ्लॅटमधला ब्रेकफास्ट काउंटर बघा. पलीकडे तीन सुंदर उंच स्टुलं, खाणाऱ्यांची. अलीकडे ओट्याशी पोळ्या लाटणारी उभी. तिला स्टूल आणून दिलं तरी बसता येत नाही, कारण ओट्याखाली काठापर्यंत ट्रॉल्या ठासलेल्या असतात आणि गुडघे कुठे घालायचे हा प्रश्न उरतो. स्वयंपाकघराचा आराखडा काढणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं. ओट्याखालची ६० सेंटिमीटर रुंदीची एक जागा मोकळी सोडा, शेगडीखालची नव्हे, पोळपाट ठेवतो तिथली. एक ट्रॉली कमी झाल्याने कुणाचं घर अडत नाही. स्टुलाचं माप तिथे काम करणाऱ्या बाईला बसवूनच घ्यायचं, आणि तेही ट्रॉल्यांची ऑर्डर देण्याआधी.