३९ फुटांचा अभ्यासक्रम

घर हलवताना मुलांच्या मनाची तयारी कशी करावी, याचा सल्ला मोठ्या शहरांत म्हणे पैसे मोजून घेतात. कोल्हापुरात पंचगंगा तो फुकट देते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की दप्तर भरायचे, ४३ व्हायच्या आत बाहेर पडायचे; सुतारवाड्यातल्या पोरांना हे पाढ्यांआधी येते. रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, टीव्ही माळ्यावर, मुक्काम चित्रदुर्ग मठात. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत तर वरच्या इयत्तेचाही अभ्यास उरकला. स्थलांतराच्या नोटिसाही वेळच्या वेळी येतात. तरी कायमचे पुनर्वसन करून या गुणी पोरांची प्रगती रोखावी, असे म्हणणारे आहेतच. एकीला विचारले, "यंदा सामान बांधलंस का गं?"

"गेल्या वर्षीचं सोडलंय कुठं?"