रावसाहेबांचे विचाराधीन प्रकरण

गृहस्थाच्या संसारात जंगम मालमत्तेचे नाना प्रकार असतात. काही वापरासाठी, काही प्रतिष्ठेसाठी, आणि एखादा असा की जो विकावा की ठेवावा याचा विचार करता यावा एवढ्याचसाठी बाळगलेला असतो. या शेवटल्या वर्गाचा मुकुटमणी म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार. तिच्या मालकांची एक स्वतंत्र ज्ञातीच आपल्या शहरांतून गेल्या पाव शतकात उदयास आली असून, तिचा प्रतिनिधी म्हणून ज्या गृहस्थांची ओळख येथे करून द्यावयाची आहे, त्यांना आपण सोयीसाठी रावसाहेब म्हणू. रावसाहेब पुण्यात कोथरुडास राहतात. साठी त्यांनी अलीकडेच ओलांडली. केसांना ते कलप लावीत नाहीत, चष्म्याला मात्र दोरी बांधतात, कारण उघड्या गाडीतून जाताना या आधीचा चष्मा खंबाटकीच्या घाटात वाऱ्याने हिरावून नेला, आणि ती घटना ते दुर्घटना म्हणून नव्हे, तर गाडीच्या वेगाचा पुरावा म्हणून सांगतात.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यात एक देशी स्पोर्ट्स कार तयार होत होती, हे आजच्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊकही नसेल. आसने दोनच, डोक्यावर मागे सारता येणारे कापडी छप्पर, पत्र्याऐवजी फायबरग्लासचा देह, आणि पुढल्या अंगास रेनो कंपनीचे ११४९ सीसीचे, ६० अश्वशक्तीचे फ्रेंच इंजिन, असे तिचे थोडक्यात वर्णन. साठ हा आकडा उच्चारताना रावसाहेबांचा आवाज किंचित खाली येतो, कारण हल्ली भाजी आणावयास निघालेल्या साध्या हॅचबॅकच्या अंगीही बहुधा याहून अधिक बळ असते. परंतु लगेच ते पुस्ती जोडतात की, ज्याची बैठक रस्त्यापासून वीतभर उंचीवर आहे त्याला ताशी पन्नाससुद्धा शंभरासारखे भासतात. यात तथ्य आहे. मी स्वतः त्या गाडीतून ताम्हिणी घाट उतरलो आहे. एका वळणावर मालट्रकचे चाक माझ्या कानाच्या रेषेत आले, तेव्हा वेगाच्या काट्याकडे पाहण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

तर या गाडीचे करावे काय, हे प्रकरण रावसाहेबांच्या दफ्तरी कैक वर्षे विचाराधीन आहे. त्यासाठी त्यांनी एक जाडजूड नोंदवही घातली असून तिच्यात ‘ठेवावी’ आणि ‘काढावी’ असे दोन रकाने समोरासमोर आखले आहेत. वादी तेच, प्रतिवादी तेच, दोन्ही पक्षांचे वकील तेच आणि न्यायासनावरही तेच. त्यामुळे सुनावणी कशी अगदी निःपक्षपाती होते आणि तारीख हटकून पुढची पडते. ‘काढावी’च्या रकान्यात मजकुराची टंचाई नाही. छपराच्या मागल्या बाजूची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तिच्यातून भर दुपारीही संध्याकाळ दिसते. छपराची बटणे तीन ठिकाणी निकामी झाल्याने पावसाळ्यात डाव्या आसनावरील माणसाने मांडीवर टॉवेल घेऊन बसावे असा शिरस्ता पडला आहे. आणि गतिरोधक दिसताच गाडी तिरकी करून एकेक चाक चढवावे लागत असल्यामुळे मागच्या रिक्षावाल्यांकडून रावसाहेबांच्या पूर्वजांचा जो उद्धार होतो, त्याची नोंदवहीत नुसती तारीख असते, तपशील नसतो.

‘ठेवावी’च्या रकान्यात मोठ्या अक्षरांत पहिले कलम आहे: ‘फायबरग्लासला गंज नाही.’ खरेच आहे. मात्र ज्या पोलादी सांगाड्यावर हा अक्षय देह चढविला आहे, त्याला गंजण्याची कोणी मनाई केलेली नाही, हे मिस्त्री दरवर्षी गाडीखाली जाऊन, पत्रावळीएवढा पापुद्रा हातात घेऊन बाहेर येतो आणि सिद्ध करून दाखवतो. त्या देहाला तडा गेल्यास डेंटिंगवाले हात जोडतात. मग पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवणारा एक कारागीर शोधून आणावा लागतो, आणि तो तडा सांधता सांधता गाडीकडे, हिला पाणी कोठून भरतात, अशा नजरेने पाहत राहतो. इंजिनाच्या सुट्या भागांची कथा आणखी निराळी. नाना पेठेत जगातील यच्चयावत मोटारींचे भाग मिळतात असा पुणेकरांचा विश्वास असला, तरी या इंजिनाचे नाव काढताच तेथील जुने दुकानदार चहा मागवतात, भाग काढीत नाहीत. सुदैवाने हेच इंजिन फ्रान्समधल्या ट्विंगो नावाच्या चिमुकल्या मोटारीतही बसवले जात असे. सबब, तिकडे शिकावयास गेलेला भाचा सुटीत परत येताना अत्तराच्या बाटल्या आणील अशी घरच्या मंडळींची अपेक्षा असताना, त्याच्या बॅगेतून टायमिंग बेल्ट आणि गास्केटे निघतात, आणि साऱ्या घरात आनंद असा एकट्या मामालाच होतो.

सरकारी बाजू रावसाहेबांना विशेष प्रिय आहे. पणजीहून आणलेल्या ना हरकत प्रमाणपत्रापासून तो गेल्या खेपेच्या पर्यावरण कराच्या पावतीपर्यंत सारे दस्तऐवज त्यांनी बासनात बांधून ठेवले आहेत. गाडीची प्रथम नोंदणी १९९९ ची. पंधरा वर्षांची मुदत २०१४ साली सरली, आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी पासिंगसाठी तिला आर.टी.ओ.च्या मैदानात उभे करावे लागते. नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या मोटारींना ते १०,००० करण्यात आले. या चढत्या भाजणीवरून कोणीही सुज्ञ मनुष्य सरकारचा हेतू ओळखील. रावसाहेबांनी मात्र त्यातून असा निष्कर्ष काढला की, ज्या वस्तूवरील कर वाढतो तिचे मोलही वाढत असले पाहिजे. शिवाय २०२१ च्या नियमांत त्यांना एक आशेचे कलम सापडले आहे: प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली मोटार मूळ स्वरूपात असल्यास ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला निराळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो. म्हणजे २०४९ पर्यंत कळ काढली की झाले. अशा गाड्या नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत, प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्ती अशा कारणांपुरत्याच त्या बाहेर काढावयाच्या असतात, ही अट त्यांनी वाचून दाखवली तेव्हा वहिनी इतकेच म्हणाल्या, “मग आत्ता काय वेगळं चाललंय?”

अलीकडे या प्रकरणात एक नवा पक्षकार दाखल झाला आहे, तो म्हणजे ऊस. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, आणि त्यात आपल्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा असल्याने महाराष्ट्राने अभिमान बाळगावा हे उचितच; परंतु जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना हे मिश्रण मानवत नाही, शिवाय इथेनॉल ओलावा शोषून घेते, आणि जी गाडी पंधरवड्यातून एकदा दूध आणण्याच्या निमित्ताने बाहेर पडते तिच्या टाकीत त्याला शोषण्याखेरीज दुसरा उद्योगही नसतो. नळ्या बदलल्या. ‘काढावी’च्या रकान्यात रावसाहेबांनी ‘ऊस’ असे लिहिले आणि विचारांती खोडले.

घरच्यांचे मत उंच, प्रशस्त, पाच माणसे सुखाने बसतील अशा गाडीकडे झुकलेले आहे. रावसाहेबांच्या गुडघ्यांचेही तेच मत आहे. स्टॉर्ममध्ये बसणे म्हणजे आधी पाठमोरे व्हावयाचे, मग दैवावर हवाला ठेवून खाली यावयाचे आणि शेवटी पाय एकेक करून आत घ्यावयाचे. बाहेर पडताना शेजारी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी स्कूटरचा आधार लागतो. “अहो, गाडी बदलायची नसेल तर गुडघे तरी बदलून घ्या,” असा तोडगा वहिनींनी सुचवून पाहिला. अखेर एका रविवारी सहकुटुंब शोरूमची वारी झाली. विक्रेत्या मुलाने मोठ्या उमेदीने सांगितले, “सर, सनरूफ आहे. नुसतं बोललात की उघडतं.”

“सगळं?” रावसाहेबांनी विचारले.

“नाही सर, पुढचं अर्धं.”

“आणि राहिलेलं?”

त्या मुलाच्या प्रशिक्षणात या प्रश्नाची तरतूद नसावी.

आणि तरीही रावसाहेबांनी गाडी विकावयास काढलीच नाही, असे कोणी म्हणू नये. एकदा खरोखरीचे गिऱ्हाईक दारी आले होते. कोल्हापूरकडचा एक तरुण बागायतदार, खिशात इसाऱ्याची रक्कम घेऊन. “काका, गाडी एक नंबर हाय. आकडा बोला,” एवढेच तो म्हणाला. रावसाहेबांनी आकडा बोलण्याऐवजी उलटतपासणी आरंभली. रोज चालवणार का, असे विचारले. तो “रोज” म्हणाला, तेव्हा रोजच्या दगदगीसाठी ही गाडी नव्हे असे त्यास बजावले; तो घाबरून “कधीमधी” म्हणाला, तेव्हा कधीमधीच चालवायची तर घेता कशाला, असे सुनावले. मग त्यांनी नोंदवही आणून ‘काढावी’चा संपूर्ण रकाना त्याला वाचून दाखवला, आणि प्रत्येक दोषागणिक किंमत आपण होऊन उतरवीत नेली. उतरत्या किमतीबरोबर त्या तरुणाचा उत्साह चढत गेला. तो उत्साह पाहून, आपण काहीतरी अमोल वस्तू कवडीमोलाने देत आहोत अशी रावसाहेबांची खात्री पटली, आणि शेवटी जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून पाहुण्याने निमूटपणे चहा संपवला. त्यांचा स्नेह मात्र जडला तो जडलाच. दर संक्रांतीस कोल्हापूरहून गुळाची ढेप येते आणि सोबत “गाडी कशी हाय?” अशी पृच्छा.

माझ्या मते रावसाहेबांना गाडी हवी आहे की नको, हा प्रश्न गौण आहे. त्यांना प्रकरण हवे आहे. नोकरीत असताना त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले. निवृत्तीनंतर शेरा मारावयास हक्काची अशी ही एकच फाइल त्यांच्यापाशी उरली आहे, आणि निकाल लागला की फाइल दप्तरदाखल होते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? तथापि हे त्यांना सांगण्याची सोय नाही, कारण ते लगेच नोंदवहीत लिहून घेतील आणि कोणत्या रकान्यात लिहावे यावर तारीख पडेल.

गेल्या दसऱ्याला मात्र घरात नवी गाडी आली. वहिनींनी ती स्वतःच्या नावे, स्वतःच्या ठेवी मोडून, कोणतीही नोंदवही न घालता, एका दुपारी पसंत केली. ती उंच आहे, पांढरी आहे, तिचे छप्पर अर्धे उघडते, आणि छपराखालील जागा स्टॉर्मने अडवलेली असल्याने ती उन्हात उभी राहते. दुसऱ्या पार्किंगसाठी रावसाहेबांनी सोसायटीच्या कमिटीकडे रीतसर अर्ज केला आहे. त्या छापील अर्जात ‘नित्य वापराचे वाहन’ आणि ‘इतर’ असे दोन रकाने आहेत. पहिल्यात त्यांनी स्टॉर्मचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला, आणि नव्या गाडीची नोंद, वहिनी शेजारी उभ्या असतानाच, ‘इतर’मध्ये केली.