वाकडं अंगण

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण रचणाऱ्याने गोल्फ पाहिला नसावा. या खेळात नाचता येत नसेल तर पैसे मोजून अंगणच वाकडं करून मिळतं. मी गेल्या दिवाळीत ते करून घेतलं. सहा नंबरपासून खालची नवी आयर्न्स, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्या, आणली आणि त्यातल्या प्रत्येकाची मान कारखान्यातूनच वाकवून आलेली आहे. काठी जराशी पुढे, पातं जरासं मागे. याला ऑफसेट म्हणतात. त्यामुळे पातं चेंडूपाशी किंचित उशिरा पोचतं आणि माझं मनगट आपलं काम विसरलं असलं, तरी तेवढ्या अवधीत पातं बरंचसं सरळ होतं. पूर्वी उजवीकडच्या झाडीत जाणारा माझा चेंडू हल्ली झाडीच्या अलीकडे पडतो. ही प्रगती लहान वाटेल, पण झाडीत शिरून काटे काढलेल्या माणसाला विचारा.

भोसरीच्या कारखान्यातून वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा बरोबरीचे कोणी हास्यक्लबात गेले, कोणी पहाटे सिंहगड चढू लागले. मी शेजारच्या निवृत्त कर्नलसाहेबांच्या नादी लागलो. त्यांनी एकदा कोर्सवर नेलं आणि पंधरा दिवसांनी, आता हा काही सुटत नाही हे ओळखून, आपला जुना सेट मला विकला. काय देखणा सेट होता! पाती पातळ, चकचकीत, पाठीकडून सपाट. विळी नुकतीच धार लावून आणावी तशी. अशा आयर्नला ब्लेड म्हणतात. टायगर वुड्स ब्लेडनेच खेळतो, हे कर्नलसाहेबांनी किंमत सांगायच्या आधी सांगून घेतलं.

प्रत्येक शाफ्टवर एक लेबल होतं आणि लेबलावर इंग्रजी ‘एस’. एस म्हणजे सीनियर, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला. रेल्वेपासून बँकेपर्यंत सगळीकडे ज्येष्ठांची वेगळी सोय असते, तशी इथेही असणार. कर्नलसाहेब तर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

एस म्हणजे स्टिफ. हे मला आठ वर्षांनी कळलं.

शाफ्ट किती लवावा हे मारणाऱ्याच्या वेगावर ठरतं. सपकन मारणाऱ्याला ताठ काठी, सावकाश मारणाऱ्याला लवणारी. ज्येष्ठांच्या काठीवर बहुधा ‘ए’ असतो, आणि तो का असतो हे ज्येष्ठांना कोणी सांगत नाही. माझ्या त्या स्टीलच्या शाफ्टांचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या वर होतं. ग्रॅफाइटचा शाफ्ट निम्म्यात येतो. सव्वाशे ग्रॅम म्हणजे चहाबरोबर संपणारा चिवडा. पण तोच चिवडा एका सकाळी शंभर वेळा खांद्यावरून फिरवून बघा.

ब्लेडच्या बरोबर मध्यावर चेंडू लागला, तर हाताला काही लागलंसं वाटतच नाही आणि चेंडू वर निघून गेलेला असतो. आठ वर्षांत हे डझनभर वेळा झालं असेल. मी तारखा सांगू शकतो. एरवी चेंडू पात्याच्या टोकाला नाहीतर टाचेला लागायचा, पातं हातातल्या हातात फिरायचं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. डिसेंबरातल्या सकाळी त्या दातांपर्यंत जायच्या. शिवाय ब्लेडचं बूड अरुंद. मी चेंडूआधी जमीन गाठणारा माणूस. अरुंद बुडाचं पातं असा चुकलेला फटका बसला की नांगरासारखं आत शिरतं. रुंद बुडाचं असेल तर ते वखरासारखं वरवरून सरकतं आणि निदान चेंडूपर्यंत पोचतं. आमच्या कोर्सच्या डाव्या अंगाला मी आठ वर्षं खोल नांगरट केली. पेरलं काहीच नाही.

माझा कॅडी येरवड्याचा. त्याचे वडीलही हेच काम करायचे, त्यामुळे दुसऱ्याचं अपयश शांतपणे पाहण्याची कला त्याच्याकडे वडिलोपार्जित आहे. फटका मारून मी कपाळावर हात धरून दूर आकाशात बघायला लागलो, की तो हळूच म्हणायचा, “वर बघू नका सर. बॉल इथंच आहे.”

शेवटी कोपराच्या डॉक्टरांनी धाडलं म्हणून दुकानात गेलो. तिथे हल्ली जाळीसमोर चेंडू मारायला लावतात आणि मागे एक रडारची डबी तुमचं सगळं काही मोजते. सात नंबरच्या आयर्नचा माझा वेग निघाला ताशी ६२ मैल. पीजीए टूरवरच्या खेळाडूंचा याच आयर्नचा सरासरी वेग ९०च्या आसपास असतो. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, स्पीड जरा कमी आहे.” त्या ‘जरा’मध्ये मला त्याच्या आईवडिलांचे संस्कार दिसले. मग त्याने विचारलं, “सध्या फ्लेक्स कुठला वापरता?” मी ऐटीत म्हणालो, “सीनियर. एस.” त्याला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. वर आला तेव्हा चेहरा पुन्हा गंभीर होता. “काका, तुम्ही ना, फर्गिव्हिंग आयर्न्स बघा.”

घरी येऊन मी हिला मराठीत सांगितलं, की आता मी क्षमाशील आयर्न्स घेणार आहे. ही शाळेत ३० वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. आधी म्हणाली, “अहो, घरात एक क्षमाशील असताना बाहेर कशाला शोधता?” आणि मग तिच्यातली बाई जागी झाली. चूक कळून तिच्याबद्दल केली जाते ती क्षमा. तुमच्या लोखंडाला चूक कळतच नाही. तेव्हा हे क्षमा करणं नव्हे, हे चुकांवर पांघरूण घालणं.

मला हा शब्द इतका पटला की त्या दिवसापासून मी त्यांना मनात पांघरूणवाली आयर्न्सच म्हणतो.

हे पांघरूण पहिल्यांदा विणणारा गृहस्थ मात्र मजेदार होता. कार्स्टन सोल्हाइम. जन्म १९११ साली नॉर्वेत, लहानपणीच अमेरिकेत आला, बाप चांभारकाम करणारा आणि मंदीत शिक्षण अर्धवट सुटल्यावर हाही तेच करू लागला. पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाला आणि चाळिशी उलटल्यावर सहकाऱ्यांच्या आग्रहाने गोल्फ खेळू लागला. म्हणजे सुरुवात माझ्यासारखीच उशिरा. त्याचे पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचे हलके फटके, जाईनात. आपण अशा वेळी स्वतःला दोष देतो किंवा गवताला. याने पटरला दिला. साखरेचे चौकोनी खडे आणि आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून त्याने नमुना केला आणि १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजात पहिला पटर बनवला. चेंडू लागला की तो ‘पिंग’ असा वाजे. कंपनीचं नावही तेच पडलं.

त्याची युक्ती आपल्याकडच्या कोणत्याही कावडवाल्याला माहीत आहे. नुसता बांबू खांद्यावर घेऊन वळा, चटकन वळता येतं. त्याच बांबूच्या दोन्ही टोकांना भरल्या घागरी लटकवा. आता माणूस वळतो, पण कावड जागची हलायला तयार नसते. पात्याचं वजन मधून काढून टाचेला आणि टोकाला नेलं, तर चेंडू बाजूला लागला तरी पातं सहजी फिरत नाही. मधून लोखंड काढल्यामुळे पाठीला खळगा पडतो, म्हणून या आयर्न्सना कॅव्हिटी बॅक म्हणतात. पिंगची अशी आयर्न्स १९६९पासून निघाली आणि १९८२च्या आय-टूने तर घराघरात ठाण मांडलं. लोकांना वाटतं यात मारायची जागा मोठी होते. तसं नाही. नेमका बिंदू तेवढाच राहतो, ठिपक्याएवढा. फक्त तो चुकल्याचा दंड कमी होतो. पुढे काढलेलं लोखंड बुडाशीही नेऊ लागले. वजन खाली गेलं की हळू मारलेला चेंडूही उचलला जातो.

मला या सगळ्यात त्याचं चांभारपण दिसतं. पायाला बेतून जोडा करणारा माणूस पायाला कधी शिस्त लावायला जात नाही. कर्नलसाहेबांचं मत नेमकं उलट. ब्लेड शिस्त लावतं, पांघरूणवाली आयर्न्स आळशी करतात. असेलही. पण मी त्या शाळेत आठ वर्षं एकाच इयत्तेत बसलो होतो, आणि मास्तर रोज हातावर मारत होते.

खरेदीत एक गंमत मात्र मला जवळजवळ फसवून गेली. पोराने पहिलं जे सात नंबर हातात दिलं त्याने माझा चेंडू चक्क २० यार्ड पुढे गेला. मी विरघळलो. पण आयुष्यभर कारखान्यात मापं तपासलेली, सवय जात नाही. मी पात्याचा कोन विचारला. २८ अंश! जुन्या सात नंबरचा कोन ३४-३५ असे. म्हणजे हे पाच नंबरच होतं, पाटी फक्त सातची लावलेली. काही शर्टवाले ४२ मापाच्या शर्टावर ४० लिहून गिऱ्हाइकाला खूश करतात, त्यातला प्रकार. वेग असलेल्याला हे चालतं, कारण बुडाशी वजन असल्यामुळे त्याचा चेंडू कमी कोनातही चढतो. माझा मात्र छातीएवढा उडून पुढे घरंगळत जात होता आणि ग्रीनवर थांबायचं नाव घेत नव्हता. यार्ड वाढले होते ते सगळे घरंगळण्यात. शिवाय वरचे नंबर असे ताणले की खाली पिचिंग वेज आणि सँड वेज यांच्यामध्ये एक भली मोठी खिंड पडते, आणि ती बुजवायला आणखी एक वेज घ्यावी लागते. दुकानदाराची त्याबद्दल काही तक्रार नसते. मी शेवटी ३१ अंशांचं सात नंबर असलेला सेट घेतला. चार आणि पाच नंबर घेतलेच नाहीत. त्यांच्या जागी दोन हायब्रिड, गुबगुबीत डोक्याचे. दिसायला ते वांग्यासारखे आहेत आणि कर्नलसाहेब त्यांच्याकडे बघत नाहीत.

खरं तर हा अख्खा खेळच पांघरूणवाला आहे. आमच्या वाड्यात लपंडाव रंगायचा तेव्हा लहान भावंडांना कच्चं लिंबू म्हणून घेत. त्यांनी खेळायचं, पळायचं, पण त्यांच्यावर राज्य यायचं नाही. गोल्फने याच कच्च्या लिंबाचं गणित मांडलं आणि त्याला हँडिकॅप असं भारदस्त नाव दिलं. २०२०पासून जगभर एकच पद्धत आहे आणि तिच्यात बाईमाणसापासून कर्नलपर्यंत कोणालाही जास्तीत जास्त ५४पर्यंत सूट मिळते. माझा आकडा विचारू नका. लिंबू अजून पिकायचं आहे एवढंच सांगतो.

नव्या सेटचा पहिला दिवस. पहिलाच फटका सपशेल टोकाला लागला, हे मला आवाजावरून कळलं. हाताला काहीच कळलं नाही. चेंडू मात्र जरासा उजवीकडे कलून, जायचं होतं त्याच्या १५-२० यार्ड अलीकडे मोकळ्या गवतात जाऊन बसला. मी सवयीने खाली बघत उभा.

“आता वर बघा सर,” कॅडी म्हणाला.

जुनी ब्लेड्स मी त्यालाच देऊन टाकली. ही एक ठेवून घ्यायला सांगत होती, शेवग्याच्या शेंगा पाडायला बरं म्हणून, पण कॅडीचं घेण्याआधीच आयर्नवरून हात फिरवणं बघून मी सगळाच सेट दिला. त्याची पहिली काठी म्हणजे लोखंडी सळई होती, खालून वाकवलेली. मुंबईत चेंबूरकडच्या वस्तीतली पोरं गल्लीत गोल्फ खेळतात ती याच घडणीच्या काठ्यांनी आणि प्लॅस्टिकच्या चेंडूंनी. सळई वाकवाल तेवढा ऑफसेट, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

सोमवारी कोर्स आम्हाला बंद आणि कॅडींना खुला असतो. मी मुद्दाम गेलो आणि कुंपणापाशी उभा राहिलो. त्याने चपला बाजूला काढल्या, माझं ते जुनं सात नंबर उचललं, सरावाचा फटकाही न मारता सपकन फिरवलं. चेंडू इतका वर गेला की मी खरोखरच कपाळावर हात धरला. ग्रीनवर पडून तो दोन पावलं मागे आला.

मी कुंपणावरूनच ओरडून विचारलं, कसं वाटतंय.

त्याने काठी डोळ्यांसमोर आडवी धरली, दोन्ही हातांनी जराशी वाकवून पाहिली आणि म्हणाला, “पातं झकास आहे सर. दांडा माझ्यासाठी थोडा मऊच पडतोय.”