दोष आढळला नाही

गणिताबद्दल माझी काही तक्रार नाही. गणित चोख आहे. २०२० साली बरीच यंत्रे कामाला लावून संशोधकांनी आरएसए या सांकेतिकीकरण पद्धतीची ८२९ बिटांची संख्या फोडली. रोजच्या वापरातली किल्ली २०४८ बिटांची असते आणि ती फोडल्याचे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. तेव्हा त्या बाजूने निर्धास्त असावे. माझी तक्रार गणित आणि मी यांच्या मधोमध बसलेल्या हेडर फाइलबद्दल आहे. तक्रार किरकोळ आहे, पण ती मी सविस्तर मांडणार आहे.

सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या अपेक्षा माफक असतात. अमुक नावाच्या सर्व्हरला अमुक पोर्टवर जोडून दे. पलीकडे खरोखर तोच आहे याची खात्री कर. वाटेत कोणाला वाचता येऊ देऊ नकोस. जमले नाही तर तसे सांग. नाव आणि पोर्ट आत द्यायचे, जोडणी बाहेर घ्यायची; एका फंक्शनमध्ये मावावे एवढेच हे काम. ओपनएसएसएलच्या सुरुवातीच्या लोकांना असे वाटले नसावे. ही लायब्ररी १९९८ साली 'एसएसएलईएवाय' नावाच्या आधीच्या कामातून निघाली. त्यातले 'ईएवाय' म्हणजे मूळ लेखक एरिक ए. यंग यांची आद्याक्षरे, आणि ती पुढे बरीच वर्षे काही फंक्शनांच्या नावांत टिकून राहिली. लेखकाचे नाव पुसले जाऊ नये याची काळजी लायब्ररीने घेतली. सर्व्हरच्या नावाची काळजी मात्र तुमच्यावर सोडली, पण त्याकडे नंतर येतो.

२०१६ साली १.१.० ही आवृत्ती आली. त्याआधी काहीही करायच्या अगोदर तीन विधी करावे लागत. लायब्ररी सुरू करा, चुकांचे संदेश लोड करा, सगळे अल्गोरिदम नोंदवा. संदेश लोड करायला विसरलात तर चूक झाल्यावर नुसता आकडा मिळे. म्हणजे चूक काय झाली हे कळण्यासाठी चूक होण्यापूर्वीच तयारी ठेवायची. हे व्यवहाराला धरून आहे, म्हणून मी पुढे जातो.

पुढची पायरी प्रोटोकॉलची आवृत्ती निवडण्याची. इथे 'एसएसएलव्ही२३' नावाचे एक फंक्शन होते. नावावरून वाटते की हे एसएसएलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीसाठी असावे. या दोन्ही आवृत्त्या धोकादायक म्हणून रीतसर बाद झाल्या, दुसरी २०११ साली आणि तिसरी २०१५ साली. शेजारीच टीएलएस या एसएसएलच्या पुढच्या नावाचे 'टीएलएसव्ही१' हे दुसरे फंक्शन होते, नवे, टापटीप आणि जबाबदार दिसणारे. साहजिकच काळजीवाहू माणसाने दुसरे निवडले आणि तो टीएलएस १.० या एकाच आवृत्तीला कायमचा चिकटला. पहिले फंक्शन दोन्ही बाजूंना जमेल ती सर्वांत नवी आवृत्ती देत होते. ज्याने नाव वाचले तो फसला. ज्याने इंटरनेटवरचे उदाहरण न वाचता उतरवले तो सुरक्षित राहिला. १.१.० मध्ये नाव सुधारले, तोवर काळजीवाहू माणसांचा कोड बऱ्याच ठिकाणी बसून गेला होता.

आता खात्री करण्याकडे वळू. क्लायंट म्हणून जोडणी करताना या लायब्ररीची मूळ भूमिका अशी की समोरच्याचे सर्टिफिकेट तपासावे, पण तपासणीत काहीही निघाले तरी जोडणी चालू ठेवावी. जोडणी तुटायला हवी असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. न सांगितल्यास सगळे उत्तम चालते. सांकेतिक भाषेत बोलणे होते, मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, फक्त तो कोणाशी चालला आहे हे कळत नाही. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, कारण टेस्टिंगला आलेल्या प्रत्येक सर्व्हरशी जोडणी होते. जी चूक केल्यावर सगळ्या टेस्ट पास होतात ती सापडावी तरी कशी?

समजा सांगितले. आता सर्टिफिकेट अधिकृत संस्थेने दिले आहे का, मुदतीत आहे का, हे सगळे पाहिले जाते. ते कोणाच्या नावाचे आहे हे मात्र पाहिले जात नव्हते. जानेवारी २०१५ मध्ये १.०.२ आवृत्ती येईपर्यंत नाव जुळवण्याची सोयच लायब्ररीत नव्हती; ते काम प्रोग्रॅमरचे मानले जाई. म्हणजे स्वतःच्या डोमेनचे अस्सल सर्टिफिकेट असलेला कोणीही तुमची बँक म्हणून उभा राहू शकत होता. तुम्ही जागरूक असाल तर सर्टिफिकेट उघडून, पर्यायी नावांची यादी काढून, स्वतः तुलना करायचात. आणि सीमध्ये तुलना म्हटली की हात आपोआप 'एसटीआरसीएमपी'कडे जातो.

इथे जरा थांबणे भाग आहे. सर्टिफिकेटमधल्या अक्षरमालेबरोबर तिची लांबी लिहिलेली असते. सीमधली अक्षरमाला जिथे शून्य बाइट येईल तिथे संपते. तेव्हा कोणी स्वतःच्या डोमेनचे सर्टिफिकेट मागताना बँकेचे पूर्ण नाव, मग एक शून्य बाइट आणि मग स्वतःचे डोमेन असे लिहून दिले, तर देणारी संस्था शेवट पाहते आणि म्हणते, डोमेन याचेच आहे. तपासणारा सी प्रोग्रॅम शून्यापर्यंत वाचतो आणि म्हणतो, बँक आली. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की या दोघांनी २००९ साली हे आपापले शोधून काढले. ज्यांनी कष्ट घेऊन नाव तपासले होते तेही असे फसलेल्यांच्या रांगेत सामील झाले. ज्यांनी तपासलेच नव्हते त्यांना मात्र या शोधाने काहीच फरक पडला नाही.

आता नाव तपासण्याची सोय आहे, फक्त नाव तीनदा सांगावे लागते. पत्ता शोधण्यासाठी एकदा. एकाच यंत्रावर अनेक साइट असतात म्हणून समोरच्याला हाक मारण्यासाठी दुसऱ्यांदा. आणि सर्टिफिकेटवर तेच नाव आहे का हे पाहण्यासाठी तिसऱ्यांदा. पहिल्या दोहोंपैकी एक विसरलात तर जोडणी होत नाही किंवा भलतेच सर्टिफिकेट येते, आणि लगेच कळते. तिसरे विसरलात तर काहीच होत नाही. रचनाकाराने नेमके तिसरेच ऐच्छिक ठेवले.

परतीच्या किमतींबद्दल मी संयमाने बोलायचे ठरवले आहे. ओपनएसएसएलची बरीच फंक्शने यश आले तर १, अपयश आले तर ०, आणि काही भलतेच बिघडले तर ऋण आकडा देतात. सीमध्ये शून्य सोडून सगळे खरे. त्यामुळे 'जमले का?' असे साधे विचारणाऱ्याला भलतेच बिघडल्यावर 'जमले' असे उत्तर मिळते. सही तपासणाऱ्या एका फंक्शनबाबत खुद्द लायब्ररीच्याच कोडमध्ये हे झाले होते आणि २००९च्या जानेवारीत ते दुरुस्त करावे लागले. गनूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीत रीत उलटी: तपासणीच्या फंक्शनने ० दिले म्हणजे यश. मात्र यश तपासणी पार पडल्याचे. तपासणीत काय निघाले ते वेगळ्या पॉइंटरमधून ठेवलेले असते, सवडीने पाहावे. २०१४च्या मार्चमध्ये याच लायब्ररीत आत एका ठिकाणी ऋण आकडा 'खरे' म्हणून वाचला जात असल्याचे उघड झाले. त्याच्या काही दिवस आधी ॲपलच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिलेली सापडली होती. दुसरी ओळ विनाअट असल्याने सही तपासण्यापूर्वीच उडी पडे, आणि चुकांसाठी राखलेल्या त्या जागी पोहोचताना हाती यशाचा आकडा असे.

पण माझे आवडते फंक्शन वेगळे आहे. तपासणीचा निकाल काय, असे ओपनएसएसएलला विचारण्याची सोय आहे. समोरच्याने सर्टिफिकेट दिलेच नसेल तर हे फंक्शन 'ठीक' असे उत्तर देते. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला विचारावे, "वर गेलेल्या माणसाच्या ओळखपत्रात काही खोट निघाली का?" आणि त्याने सांगावे, "काही खोट नाही साहेब, ओळखपत्रच नव्हते." हा दोष मी शोधलेला नाही. तो लायब्ररीच्या मॅन पेजवर 'बग्ज' या मथळ्याखाली छापलेला आहे आणि कारणही दिले आहे: तपासणीत चूक झाली नाही, पण याचा अर्थ यश आले असा घेऊ नये. आधी सर्टिफिकेट आहे का ते विचारा, मग निकाल विचारा. इतका प्रामाणिक दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्याशी भांडता येत नाही, ही माझी खरी अडचण.

याच मॅन पेजांमध्ये लिहिण्याच्या फंक्शनची माहिती आहे. सॉकेट अडून न राहणारे असेल तर लिहिणे अर्धवट राहून 'पुन्हा या' असे उत्तर मिळते. पुन्हा जाताना तोच मजकूर, तितकीच लांबी आणि मेमरीतला तोच पत्ता लागतो. मजकूर तोच पण दुसऱ्या बफरमध्ये ठेवून नेलात तर 'बॅड राइट रीट्राय' म्हणून परत पाठवतात. ही अट सैल करण्याचा एक मोड आहे, तो मुळात बंद असतो. का बंद, तर हे फंक्शन नेहमीच्या 'राइट'सारखे वागते असा कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून. गैरसमज होऊ नये यासाठी घेतलेली ही एकमेव खबरदारी मला आढळली.

ओपनएसएसएललाच धारेवर धरणे न्याय्य होणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड उघड झाले, पलीकडच्या यंत्राच्या मेमरीतले ६४ किलोबाइट मागावेत आणि त्याने द्यावेत असे ते प्रकरण. तेव्हा हेही कळले की या प्रकल्पाला देणग्या वर्षाला सुमारे २००० डॉलर मिळत होत्या. एवढ्या पैशांत मॅन पेजवर प्रामाणिकपणा मिळाला हेच पुष्कळ. शिवाय इतरांनीही हात लावलेला आहे. लिबकर्ल या लायब्ररीमध्ये सर्व्हरचे नाव तपासण्याचा पर्याय ०, १ किंवा २ असा होता. शून्य म्हणजे तपासू नका. दोन म्हणजे नाव जुळते का ते पाहा. एक म्हणजे सर्टिफिकेटवर कोणाचे तरी नाव आहे एवढे पाहा. मूळची किंमत २ होती, म्हणजे काही न करणारा सुरक्षित. पण पीएचपीतल्या भल्या माणसांनी आवर्जून तिथे 'ट्रू' लिहिले आणि ट्रू म्हणजे एक. टेक्सास आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१२ साली ब्राउझरबाहेरच्या सॉफ्टवेअरची पाहणी केली, तेव्हा अमेझॉनच्या एका पेमेंट लायब्ररीतही हेच आढळले. त्याच वर्षी लिबकर्लने १ हा आकडा स्वीकारणे बंद केले. पुढे त्याचा अर्थ २ असाच घ्यायचे ठरले. इंटरफेस माणसांपुढे झुकल्याचे हे उदाहरण मी जपून ठेवले आहे, कारण दुसरे पटकन आठवत नाही.

एक आठवते. हार्टब्लीडनंतर ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएलची लिबरेएसएसएल नावाची वेगळी शाखा काढली आणि तिच्यावर लिबटीएलएस नावाचा छोटा इंटरफेस बसवला. जोडणीच्या फंक्शनला नाव आणि पोर्ट द्यायचे, एकदाच. सर्टिफिकेट तपासणे, नाव जुळवणे हे न सांगता होते. चूक झाली तर वाचता येईल असे वाक्य मिळते. आणि तपासणी नकोच असेल तर फंक्शनच्या नावातच 'इनसिक्युअर' आणि पुढे 'नोव्हेरिफायसर्ट' असे स्वतःच्या हाताने टाइप करावे लागते. नाव जुळवणे बंद करायचे तर तशाच नावाचे दुसरे फंक्शन. ० नाही, १ नाही, नल पॉइंटर नाही. कोड रिव्ह्यूला बसलेल्या अर्धवट झोपेतल्या सिनियरलाही ते दिसते. इतक्या सरळ गोष्टीबद्दल तक्रार काय करायची, म्हणून ती फार ठिकाणी वापरात नाही. बहुतेक यंत्रांवर ओपनएसएसएल आधीपासून असते आणि असलेली गोष्ट बदलायला कोणी मंजुरी देत नाही.

तरी एका कंपनीच्या कोडमध्ये मला लिबटीएलएस दिसले. दोन्ही 'इनसिक्युअर' फंक्शने एकाखाली एक होती, आणि ती ज्या फंक्शनमध्ये होती त्याचे नाव 'सिक्युअर कनेक्ट' होते. वर कॉमेंट: टेस्टिंगपुरते. काढून टाका म्हटल्यावर कळले की त्यांच्या आतल्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली आहे. ते नवे करून द्यायला वेगळा विभाग आहे. त्या विभागाकडे विनंती पोर्टलवरून करावी लागते, मेल चालत नाही. पोर्टल उघडताना ब्राउझर बजावतो की या साइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली आहे. विनंतीच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ आहे: इशारा आल्यास 'तरीही पुढे जा' हे बटण दाबावे.