प्रशासकांसाठी मौनाची सोय

स्लॅक ही कार्यालयीन संदेशसेवा २०१३ साली आली ती सर्वांना बोलते करण्यासाठी. २०१७ साली मोठ्या कंपन्यांसाठी तिची एंटरप्राइझ ग्रिड ही आवृत्ती आली आणि खरी प्रगती सुरू झाली. चॅनेलमध्ये कोणी लिहावे, सगळ्यांना एकदम हाक कोणी मारावी, लिहिलेले कोणी पुसावे आणि किती दिवसांनी ते आपोआप नाहीसे व्हावे, हे सारे प्रशासक ठरवू शकतो. (दुरुस्तीची मुभाही तोच देतो, न दिल्यास शुद्धलेखनाच्या चुका सुरक्षित राहतात.) पुढची पायरी उघड आहे : कोणीच काही लिहू नये. त्यामुळे माहितीची गळती, गैरसमज आणि सोमवारची शुभ सकाळ या तिन्ही धोक्यांना आळा बसेल. ईमेलचा भार हलका करण्याचे स्लॅकचे गाजलेले आश्वासनही मग पुरे होईल. सध्या मात्र स्लॅकवरचा निरोप वाचायचा राहिला, तर आठवण करून देण्याचीही सोय आहे. ती ईमेलने येते.