दुखापतींचा रकाना

जिमच्या अर्जात ‘पूर्वीच्या दुखापती’ या रकान्याला दीड ओळ ठेवली होती. मी काउंटरवरच्या मुलीकडे पुरवणी मागितली. विद्यापीठाच्या परीक्षेत कधी मागायची वेळ आली नव्हती, त्यामुळे जरा ऐटीतच मागितली.

उजवा गुडघा, 1999. सातारा, आंतरमहाविद्यालयीन सामना. चौकार अडवायला फरशीसारख्या टणक मैदानावर अंग झोकून दिलं. चेंडू सीमेपार गेलाच, गुडघा तेवढा मागे राहिला. उजवा खांदा, 24 सप्टेंबर 2007. तिकडे जोहान्सबर्गला श्रीशांतने मिसबाहचा झेल घेतला आणि इकडे पुण्यात मी सोफ्यावरून दोन्ही हात वर करून उडी मारली. वर माळा होता. कारण म्हणून मी ‘क्रिकेट’ लिहिलं. खोटं कुठे आहे? कंबर, 2014, पॅड बांधायला वाकलो तेव्हा. डावा हॅमस्ट्रिंग, 2019. समोरचा ‘नो’ म्हणाला, मला ‘गो’ ऐकू आलं.

ट्रेनरने दोन्ही पानं शांतपणे वाचली. पोरगा माझ्या गुडघेदुखीपेक्षा दोन वर्षांनी लहान. “काका, अजून खेळता?” त्याने विचारलं. त्यातला ‘काका’ मी सोडून दिला, ‘अजून’ मात्र लागला.

खेळतो तर! दर रविवारी, ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये आमच्या क्लबाचं मॅटिंग गुंडाळून ठेवतात, ते दसऱ्यानंतरच उलगडतं. मुंबईकरांचं सगळंच वेगळं, ते 1948 पासून कांगा लीग मुद्दाम ऐन पावसाळ्यात, चिखलात खेळत आले. आम्ही पुणेकर पावसाळ्यात खिडकीतून मैदानाकडे बघत भजी खातो आणि ऑक्टोबरात पँटचं हूक लावताना श्वास रोखतो. पण गेल्या मोसमात एक गोष्ट घडली. मी गोलंदाजीला आलो की यष्टिरक्षक स्टंपपाशी येऊन उभा राहू लागला. मी स्वतःला आजवर जलद गोलंदाज समजत आलो आहे. शेवटच्या सामन्यात तर त्याने माझ्या षटकात एका हाताने डोळ्यातला कचरा काढला. त्याच संध्याकाळी ठरवलं, यंदाचा पावसाळा ताकद कमावण्यात घालवायचा.

“बैठका वगैरे काढल्यात कधी?” ट्रेनर म्हणाला.

“भरपूर,” मी म्हणालो. आजोबा तालमीतले होते, जोर-बैठका आणि मुद्गल हा त्यांचा सकाळचा नाश्ता, हेही सांगितलं. माझ्या बैठका शाळेत, वर्गाबाहेर, कान धरून झाल्या होत्या आणि त्यांना उठाबशा म्हणतात, एवढा तपशील गाळला.

मग त्याने मला वजन दिलं. म्हणजे प्लंबर वापरतात तसला पांढरा पाईप. तो खांद्यावर घेऊन स्क्वॉट मारायचे, खाली जाताना तीन आकडे मोजायचे. शेजारी साठीच्या एक काकू पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्‌स शूज घालून चाळीस किलोची डेडलिफ्ट मारत होत्या. त्यांनी माझ्या पाईपकडे पाहिलं आणि सौजन्याने नजर वळवली. ट्रेनर समजावत होता: तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, वजन उचललं तर कोणत्याही वयात परत येतात, पण स्नायू लवकर तयार होतो, त्याला हाडाशी बांधणारा कंडरा फार सावकाश, म्हणून घाई करायची नाही. मला त्यातलं ‘परत येतात’ एवढंच ऐकू आलं. 2019 सालचाच कान.

दुसऱ्या दिवशी विशेष काही झालं नाही. ‘यात काय एवढं’ असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी मांड्यांनी असहकार पुकारला. अशा दुखण्यात जिना चढता येतो, उतरता येत नाही. उतरताना स्नायूला ताणलं जात असतानाच जोर लावावा लागतो आणि तो नेमका तिथेच ओरडतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी कठडा धरून उलटा उतरलो. खालच्या मजल्यावरच्या आजी वर येत होत्या. त्यांनी मला वर जाणारा समजून वाट दिली आणि बराच वेळ थांबून राहिल्या. कमोडचा विषय मी काढत नाही.

तीन आठवड्यांनी पाईप गेला आणि नुसता बार मिळाला, वीस किलोचा. एव्हाना क्लबाच्या ग्रुपवर रोज विचारणा सुरू झाली होती, “काय रे, किती उचलतोस?” पाईप म्हणायची सोय नव्हती. एका संध्याकाळी ट्रेनर नव्या गिऱ्हाइकाला वजनकाट्यावर उभं करत होता. कोपऱ्यातल्या अरुंद जुन्या स्टँडवरच्या बारला मी दोन्हीकडे वीस-वीसच्या दोन-दोन प्लेट लावल्या. बारसकट शंभर किलो. उचलायचा विचार स्वप्नातही नव्हता. बारखाली खांदा टेकवला, दात आवळले, फोटो काढला, पाठवला. पंचेचाळीस सेकंदांचं काम.

मग पुरावा नष्ट करायला घेतला. उजवीकडची एक प्लेट काढली, दुसरीही काढली. तराजूचं एक पारडं रिकामं केलं की दुसऱ्याचं काय होतं, हे वाण्याच्या दुकानात लहानपणापासून पाहत आलेला माणूस मी. बार डावीकडे कलला, चाळीस किलो लोखंड जमिनीवर कोसळलं, बार उलटा उसळून माझ्या नाकासमोरून गेला आणि मी मागे उडी मारली. आयुष्यातली सर्वांत चपळ उडी. जिममधलं गाणं थांबलं नव्हतं, पण तसं वाटलं.

काकू प्लेट गोळा करायला आल्या. “भाऊ, एकीकडची एक, मग दुसरीकडची एक,” त्या हळूच म्हणाल्या, “असं काढायचं असतं.” मी उत्तर दिलं नाही. डावा हॅमस्ट्रिंग धरून बसलो होतो.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी वहीत तारीख घातली. “किती वजन उचलताना झालं?”

“शून्य,” मी म्हणालो.

त्यांनी ते आकड्यात लिहिलं आणि खात्रीसाठी अक्षरातही. दुखापत किरकोळ आहे, दसऱ्याच्या आत पाय ठीक होईल म्हणाल्या. तोवर व्यायाम एकच, पाईप.

ग्रुपवर फोटोला एकोणीस अंगठे आले. कर्णधाराने लिहिलं, “या मोसमात नवा चेंडू तुझा.” फोटो मी अजून काढून टाकलेला नाही.