लाउंजसाहेबांना अनावृत पत्र

माननीय विमानतळ-लाउंजसाहेब यांसी,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, मुंबईच्या टर्मिनल २ वर आपल्या दारापुढची रांग हल्ली सुरक्षा तपासणीच्या रांगेला लाजवते. त्या रांगेत आमच्या नात्यागोत्यातली, ऑफिसातली सगळी हुशार माणसं उभी असतात. आपली थोरवी त्यांना पटली आहे, मला अजून पटायची आहे.

घराणं मोठं आहे आपलं, यात वाद नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ काढला, तेव्हा आत जायला निमंत्रण लागत असे. आता बऱ्यापैकी कार्ड लागतं. लोकशाही आली, आनंद आहे. फक्त सगळेच अ‍ॅडमिरल झाल्यामुळे खुर्चीवर रुमाल टाकून ठेवायची एसटीतली विद्या इथे उपयोगी पडते.

आपल्या दारातला कार्डावरचा तो दोन रुपयांचा व्यवहार मला फार आवडतो. माणूस घरी फोन करून सांगतो, ‘दोन रुपयांत जेवलो!’ उरलेले पैसे बँक आपल्याला माणशी शेकड्यांत मोजते. ते बँकेकडे कुठून आले, हा प्रश्न उपमा खाताना कुणी काढत नाही. आता बँकांनीही दार किलकिलं केलंय. एप्रिल २०२४ पासून काही कार्डांना अट लागली: आधीच्या तिमाहीत ३५ हजारांची खरेदी झाली असेल, तरच प्रवेश. आमच्या ओळखीच्या एका काकांनी तिमाही संपता संपता नवा मिक्सर घेतला. जुना उत्तम चालतो. पण लाउंज ‘फुकट’ पडला ना!

बरं, आत वेळ किती मिळतो? सकाळी आठचं देशांतर्गत विमान धरू. गेट साधारण पंचवीस मिनिटं आधी, म्हणजे ७:३५ ला बंद. तपासणी संपवून माणूस ६:५० ला मोकळा. हातात पाऊण तास. टर्मिनल २ मध्ये लांबचं गेट आलं तर चालण्यात दहा मिनिटं जातात, आपल्या रांगेत वीस. उरलेल्या पंधरा मिनिटांत ताटली शोधायची, इडली पकडायची, कॉफीच्या यंत्रासमोर उभं राहायचं आणि एक डोळा पडद्यावर ठेवायचा. कारण हा विमानतळ ‘सायलेंट’ आहे, त्याच्या विमानासाठी भोंगा वाजणार नाही. याला विश्रांती म्हणतात. मग ‘वसुली’साठी भूक नसताना पास्ता, त्यावर छोले, त्यावर गुलाबजाम. विमानात बसल्यावर पट्टा आवळताना सगळी वसुली जाणवते.

त्याच टर्मिनलमध्ये राजीव सेठींच्या देखरेखीखाली मांडलेल्या ‘जय हे’ संग्रहातल्या हजारो कलाकृती आहेत. त्या पाहायला कार्ड लागत नाही, म्हणूनच बहुधा तिथे रांग नसते.

आता आपल्या बाजूनेही बोलतो. मध्यरात्र उलटल्यावर सुटणारं परदेशी विमान, तीन तास आधी पोहोचलेला प्रवासी, सोबत गुडघे धरलेली आई किंवा पेंगुळलेलं पोर. अशा वेळी बरी खुर्ची, स्वच्छ स्वच्छतागृह, गरम वरणभात आणि असलीच तर अंघोळीची सोय यांना मोल आहे. तेव्हा कार्डाची अट आडवी आली तरी रोख पैसे मोजून यावं, इतके आपण कामाचे. दोन विमानांमधल्या चार-पाच तासांच्या मुक्कामातही तसंच.

तेव्हा माझा निवाडा असा: गेट बंद व्हायला दीड तास तरी असेल, रांग दारातच संपत असेल आणि पोटात खरोखर भूक असेल, तर येईन. तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर घरून आणलेली पोळी-भाजी गेटसमोर बसून खाईन. कोरडी पोळी-भाजी तपासणीत कुणी अडवत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रांगेबाहेरचा एक प्रवासी

ता. क. : रांगेतल्या मंडळींना एवढं कळवा. वेळेवर चेक-इन केलं असेल आणि अडीच तासांपर्यंतचं देशांतर्गत विमान दोन तास किंवा जास्त उशिरा सुटणार असेल, तर विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या नियमानुसार खाणंपिणं सहसा विमान कंपनीनेच द्यायचं असतं. काउंटरवर जाऊन मागा.